पाच काड्यांची लांडोर

पत्र आलं तेव्हा मी दुकानात नव्हते, असं मुलगा सगळ्यांना सांगतो. मी होते. आतल्या बाजूला घासलेटच्या ताटात मशीनचं शटल धूत बसले होते आणि सगळं ऐकत होते. त्याने पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजाऱ्याचं चुकून आपल्याकडे आलंय का म्हणून पाकीट उलटून पाहिलं. आमच्याच नावाचं होतं. नाव हाच तर सगळा घोळ होता.

आमच्या दुकानाचं नाव 'लांडोर शिलाई मशीन केंद्र'. एकतीस वर्षं तीच पाटी. लांडोर ही शिलाई मशीनं बनवणारी मोठी कंपनी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणून तर ते नाव ठेवलं. आमचे हे एका बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यातून सहा जुनी लांडोर मशीनं घेऊन आले, ती खोलली, जुळवली, तेलपाणी करून विकली, आणि सातवं आणायला गेले तोवर दुकान झालेलं होतं. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, नाव काय लिहू? हे म्हणाले, आत जे आहे ते लिही. आत लांडोर होती. भाजीवाल्याने पाटीवर भेंडी लिहिली तर भेंडी नोटीस पाठवत नाही, एवढाच आमचा कायदा.

कंपनीचा कायदा वेगळा निघाला. पत्रात म्हटलं होतं की 'लांडोर' हे नाव आणि लांडोरीचं चित्र दोन्ही कंपनीच्या नावावर नोंदवलेलं आहे. पाटी उतरवा, चित्र वापरणं बंद करा, पंधरा दिवसांत तसं हमीपत्र लिहून द्या, नाहीतर कोर्टात जाऊ आणि चित्र असलेला सगळा माल जप्त करून घेऊ. माल म्हणजे मांडणीवरची तेवीस मशीनं. ती गेली की मागे राहणार मी, मुलगा, सून आणि घासलेटचं ताट.

"आई, प्रकरण गंभीर आहे," मुलगा म्हणाला.

"मग तसं तोंड करून बसू नकोस. गिऱ्हाईक येईल."

वकीलबाईचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर आहे. जिना चढताना खालच्या मशीनची ऊब पायाला लागते. तिच्या आईचं शिलाई मशीन आमच्याकडचं, त्यामुळे ती मला काकू म्हणते आणि मी तिला अगं म्हणते. बाकीचे मॅडम म्हणतात.

"काकू, लांडोर मशीन दुरुस्त करायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही," ती म्हणाली. "'येथे लांडोर मशीन दुरुस्त होतात' असं साध्या अक्षरांत पाटीवर खाली लिहिलंत तरी चालेल, कारण ते खरं आहे. पण स्वतःला लांडोर म्हणवून घेता येणार नाही. लोकांना वाटतं, हे कंपनीचंच दुकान."

"वाटू दे की. त्यांचं नाव या भागात चांगलं कुणी केलं? आम्हीच ना?"

"दुसऱ्याचं नाव चांगलं करायलाही परवानगी लागते, काकू."

हे वाक्य मला पटलं नाही, पण तोंडपाठ झालं.

"आणि एकतीस वर्षं कुठे झोपले होते?"

"हे कोर्टात विचारता येईल. त्याचा थोडा उपयोगही होईल. पण निकाल लागेपर्यंत मशीनं त्यांच्या कुलपात असतील."

मी गप्प बसले. मुलाने डायरीत तारीख लिहून घेतली असेल, इतकं ते दुर्मीळ होतं.

मग तिने सांगितलं की कंपनीचा माणूस पाहणीला येईल. "त्याला पाटी दाखवा. विचारेल तेवढंच सांगा, वर एक शब्द नको. आणि काकू, तुम्ही..." तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही शक्यतो आत बसा."

आता लांडोरीच्या चित्राचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या मशीनवरचं सोनेरी चित्र हात घासून घासून उडालेलं असतं. आधी पोट जातं, मग चोच. मशीन आतून कितीही सुधारलं तरी पोट गेलेली लांडोर पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून चित्र पुन्हा काढायचं काम मी घेतलं. यांना एकदा खोकला झाला होता तेव्हा छातीचा एक्स-रे काढला होता. डॉक्टर म्हणाले, यात काही नाही. यात काही नाही तर मला द्या, म्हणून ती फिल्म मी घेतली, ब्लेडने कापून लांडोरीचा छापा केला आणि त्यावरून सोनेरी रंग मारला. पुढे शेजारपाजारचे लोकही आपापले एक्स-रे आणून देऊ लागले.

पण चित्र असं सरसकट कुणालाही मिळत नसे. तयार मशीनवर मी जाड कापडाची आठपदरी घडी घालून चालवायची. दोरा तुटला, टाका सुटला, की मशीन परत मुलाच्या पुढ्यात. एका दमात शिवलं तरच लांडोर. आणि पुढे पुढे आमच्याकडे दुसऱ्या कंपन्यांची मशीनं यायला लागली, बिनकंपनीचीही आली, तेव्हा मी भेदभाव केला नाही. पास झालं त्याला लांडोर, नापास झालं त्याला नाही. माझ्या लेखी ते कंपनीचं चित्र राहिलंच नव्हतं. तो माझा शेरा होता.

कंपनीचा माणूस सकाळी अकराला आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, हातात मोजपट्टी. आधी त्याने पाटी मोजली. लांबी, रुंदी, मग एकेका अक्षराची उंची, आणि सगळे आकडे स्वतःच्याच फोनला मोठ्याने सांगितले. मग आत आला. मी आतल्या दाराशी शहाण्यासारखी बसले होते.

"नमस्कार आजी."

"तुमची आजी घरी असेल. तिला माझा नमस्कार सांगा."

"सॉरी, बाई."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी शटल धुवायला घेतलं.

"पाटीशिवाय हे चिन्ह आणखी कुठे वापरता?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. मशीनवर जे असतं ते मूळचंच असतं," मुलगा म्हणाला. आदल्या दिवशीपासून त्याने तेवढं पाठ केलं होतं.

तो माणूस काउंटरवरच्या मशीनवर वाकला. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे मूळचं नाही वाटत. तुरा चुकलाय. कुणीतरी पोराटोरांकडून काढून घेतलेलं दिसतंय."

तो नमस्कार सोडला तर तोवर मी अठरा मिनिटं गप्प होते. सून साक्षीला आहे, तिने घड्याळ पाहिलं होतं.

"चुकलाय?" मी बाहेर आले. "तुमच्या लांडोरीच्या डोक्यावर तीन काड्या आहेत. तीन काड्यांचा तुरा होत नाही, जेवायचा काटा होतो. म्हणून मी पाच काढते. आणि हा गळा बघा. पोरंटोरं काढतील असा गळा?"

"तुम्ही काढलंय हे?"

"मग काय कंपनीने?"

मी खण ओढला आणि सगळे छापे काउंटरवर मांडले. अकरा होते. मोठ्या मशीनचा, लहान मशीनचा, पायमशीनच्या फळीवरचा. कुठला कशाचा ते त्याला एकेक करून नीट समजावून सांगितलं, कारण माणसाने इतक्या लांबून येऊन अर्धवट माहिती घेऊन जाऊ नये.

"आणि हा काजाच्या मशीनसाठी. तिथे जागा कमी, म्हणून मान आखूड केलीये."

"आमची कंपनी काजाचं मशीन बनवतच नाही," तो म्हणाला.

"मग बनवा. चांगलं चालतं."

मुलगा खाली बसला. तिथे स्टूल नव्हतं.

त्या माणसाने सगळ्या छाप्यांचे फोटो काढले. तो चिडला नव्हता. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा फार दिवसांची डोकेदुखी थांबलेल्या माणसासारखा झाला होता. फाइलमधून त्याने तीन पत्रं काढली. "दोन वर्षं आम्ही हे पाच काड्या काढणारं दुकान शोधतोय. मुख्य ऑफिसला अशी पत्रं येतात."

पहिलं त्याने वाचून दाखवलं. एका बाईला तिच्या लांडोर काजा मशीनचा सुटा भाग हवा होता. दुसरं एका शिंप्याचं होतं, नुसतीच स्तुती. तिसरं वाचताना तो थोडा थांबला.

"'तुमच्या त्या दुकानातली बाई भारी फटकळ आहे,'" तो वाचत होता, इतक्या कोरड्या आवाजात की जणू हवामानाची बातमी. "'मी दोरा कुठला वापरते ते ऐकून म्हणाली, त्यापेक्षा केस वापरा. पण तिच्या हातचं मशीन आठ वर्षांत एकदाही अडलं नाही. मला दुसरं तिथलंच हवं.' आम्ही त्यांना कंपनीचं नवं मशीन पाठवलं. त्यांनी परत केलं. म्हणाल्या, याला तीनच काड्या आहेत."

आतल्या खोलीत सुनेचं मशीन बंद पडलं. वीज होती.

"फटकळ?" मी म्हणाले.

"त्यांचा शब्द आहे, बाई. आमचा नाही."

मग तो कामाचं बोलला. दोन रस्ते होते. एक, हमीपत्र द्यायचं, पाटी उतरवायची, छापे सोपवायचे, चित्रं पुसायची. दुसरा, कंपनीचं अधिकृत दुरुस्ती केंद्र व्हायचं. मग पाटी राहील, नाव राहील, कंपनी छापील चिकटचित्रं पुरवील. करार त्याने काउंटरवर ठेवला. वर चिकटचित्रांची एक पट्टी नमुना म्हणून ठेवली. तीन काड्यांची.

तो जाताना मी त्याला विचारलं, "एवढी मोठी कंपनी, मग मोर सोडून लांडोर का घेतलीत?"

"मोर दुसऱ्या कंपनीने आधीच नोंदवला होता."

"म्हणजे मोर नाचला म्हणून..."

"हो," तो मोजपट्टी गुंडाळत म्हणाला. "आम्हालाही सुरुवातीला पत्र आलं होतं म्हणतात."

वकीलबाईला कळलं तेव्हा तिने डोकं धरलं. म्हणाली, समोरच्याला डिवचून बोलतं करायची ही त्यांची पद्धत असते, काकू. मी म्हटलं, पद्धत कसली, त्याने माझ्या हाताला नावं ठेवली.

घरात दोन तट पडले. म्हणजे मुलगा एका तटात आणि मी विचार करतेय असं मी सांगितलं. सून कुठल्या बाजूला आहे हे तिला कुणी विचारलं नाही.

"आई, सही करून टाक. नाव टिकतंय. बाबांनी ठेवलेलं नाव आहे."

तेच तर मलाही लागलं होतं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांचे कपडे दिले, चपला दिल्या, चष्मा एका गरजूला दिला, त्याला त्याने दिसतं की नाही देव जाणे. एक पाटी तेवढी जागची हलवली नव्हती. त्या पाटीखातर मी त्या तीन काड्या डोक्यावर मिरवायलाही तयार झाले असते. खरंच झाले होते. पेन मागवलं होतं.

कराराची कलमं मुलगा मला वाचून दाखवत होता. चौथ्या कलमात होतं की जागेत दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या मशीनला हात लावायचा नाही. तेवढ्यात पडदे शिवणारी आली, मशीन हातगाडीवर घालून. तिच्या मशीनला कंपनीच नाही. चार मशीनांचे अवयव जोडून यांनीच केलं होतं ते.

मुलाने घसा साफ केला. सराव म्हणून असेल. "ताई, यापुढे आपण फक्त लांडोर करणार आहोत."

"मग हीच तर लांडोर आहे," तिने मशीनवरच्या माझ्या चित्रावर हात ठेवला. "नाही का हो, मावशी?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. हातगाडीवाला पाहत होता. त्याला भाडं हवं होतं, उत्तर नको होतं.

"उतरव इथे," मी म्हणाले. "पट्टा ढिला आहे, आवाज बाहेरूनच ऐकला मी. आणि तेल घालायचं असतं मशीनला, वर्षातून एकदा तरी. पाहुणे आल्यासारखं बघत बसायचं नसतं त्याच्याकडे."

"आई, मग नाव जाईल," मुलगा म्हणाला.

"जाऊ दे. कळलं मला."

तेराव्या दिवशी आम्ही चित्रं पुसली. मुलगा म्हणाला, मी करतो. म्हटलं, तू खरवडशील, खालचा काळा रंग निघेल. मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं. पहिल्या मशीनला वेळ लागला. पोट लगेच गेलं, चोच गेली, पण तुऱ्याच्या काड्या मी जाड मारते, त्या निघेनात. सून काही न बोलता आली, दुसरं फडकं घेतलं आणि मांडणीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली. अकरा तिने पुसली, बारा मी. मधल्या मशीनपाशी भेटलो तेव्हा ती म्हणाली, "आई, हे राहू द्यायचं का एक? आत ठेवू."

"नको. पुसायचं म्हणजे पुसायचं. अर्धवट काम मला आवडत नाही."

तिने पुसलं. चांगलं पुसलं, डाग राहिला नाही.

चौदाव्या दिवशी हमीपत्र घेऊन आम्ही तिघं झेरॉक्सच्या जिन्यावरून वर गेलो. हमीपत्रावर मी सही केली. मला सही करायला वेळ लागतो आणि त्या वेळात कुणी बोललेलं मला चालत नाही. मग वकीलबाई म्हणाली, आता नवं नाव ठरवा, आजच अर्ज करू, नाहीतर पुन्हा कुणाचं तरी पत्र येईल.

मुलाने यादी आणली होती.

"नवी लांडोर," त्याने वाचलं.

"नाही," वकीलबाई म्हणाली. "पुढेमागे शब्द जोडून दुसऱ्याचं नाव आपलं होत नाही."

"लांडोरी?"

"ऐकायला तेच आहे."

"मोर?"

"मोराचे मालक कोण ते तुम्हाला कळलंय ना?"

"मग तो बिस्किटांचा ब्रँड आहे ना, सगळ्यांना माहीत आहे. आपण कुठे बिस्किटं करतो?"

"सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच नाही. एवढं गाजलेलं नाव दुसऱ्या धंद्यातही घेता येत नाही."

"उत्तम शिलाई मशीन."

"उत्तम हा शब्द सगळ्यांचा आहे. तो तुम्हाला एकट्याला कसा देतील? घरचं आडनाव लावा की."

"काकांनी लावलंय," मुलगा म्हणाला. "त्यांचंही मशीनचंच दुकान आहे."

माझ्या दिराचं दुकान आहे. त्यावर मी काही बोलणार नाही. तो सुई उलटी बसवतो.

यादी संपली. खालून झेरॉक्सचा पंखा ऐकू येत होता. हमीपत्र दिलेलं, पाटी उद्या उतरणार, आणि परवापासून आम्ही कोण हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा सून बोलली. यादीत तिचं काही नव्हतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"फटकळ," ती म्हणाली.

मुलाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चालत्या मशीनमध्ये बोट घातलं.

"म्हणजे मी म्हणत नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईकं म्हणतात. लांडोरला जातो असं कुणी म्हणत नाही, आई. फटकळ बाईकडे जातो म्हणतात. माझ्या माहेरच्या गल्लीतसुद्धा. 'फटकळकडचं मशीन आहे' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही."

"हे तू मला आज सांगतेस?"

"आधी कशी सांगणार? तुम्ही फटकळ आहात."

वकीलबाईने तोंड कॉम्प्युटरमागे लपवलं आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "कुणीही घेतलेलं नाही."

"कोण घेईल?" मी म्हणाले.

"काकू, खरं सांगू का? नाव म्हणून फार चांगलं आहे. शिलाई मशीनशी त्याचा काही संबंध नाही, कुणाशी मिळतंजुळतं नाही, आणि ऐकलं की विसरत नाही. नोंदणीला असंच लागतं. फक्त हे तुमच्यावरून आहे, तेव्हा तुमची संमती लेखी लागेल."

"मी फटकळ नाही. मी खरं बोलते."

"'खरं बोलते' हे नाव मिळणार नाही," ती म्हणाली. "ते सगळेच म्हणतात."

तिघंही माझ्याकडे पाहत बसले. मला त्यांचा राग आला नाही असं नाही. एकतीस वर्षं मी समजत होते की लोक सोनेरी चित्र बघून येतात आणि ते चित्र मी किती सुबक काढते. आणि लोक येत होते माझी बोलणी खायला. बरं, खाऊन परत येत होते. पुन्हा येताना बहिणीला घेऊन येत होते. इतकी वर्षं कंपनीचं नाव मी चांगलं करत होते आणि माझं वाईट नाव मुकाट्याने दुकान चालवत होतं.

"अक्षरं मोठी हवीत," मी म्हणाले. "चोरून ठेवल्यासारखं नको. आणि चित्र नको. कसलंच."

मुलाने श्वास सोडला. वकीलबाईने अर्ज पुढे ओढला आणि भराभर लिहू लागली. एका रकान्याशी थांबली.

"धंद्यात हे नाव कधीपासून वापरात आहे? जितकं जुनं तितकं चांगलं, मग कुणी सहज हिसकावू शकत नाही. पण खरं हवं."

"माझं लग्न झालं तेव्हापासून तर नक्की," सून म्हणाली. "चौदा वर्षं."

मुलगा छताकडे पाहू लागला.

"तिला काय ठाऊक," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून लिही. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा पाटीचा रंगही वाळला नव्हता. बाई होती एक. मशीनची सुई वाजते म्हणाली. मी म्हटलं, सुई वाजत नाही, तुमच्या बांगड्या वाजतात, हात स्थिर ठेवायला शिका. ती तणतणत बाहेर गेली आणि यांना म्हणाली, तुमची बायको फार फटकळ आहे हो."

"मग बाबा काय म्हणाले?" मुलाने विचारलं. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. सांगायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

"म्हणाले, आहे. पण मशीन घेऊन जा."

"नेलं?"

"नेलं. शेवटपर्यंत बांगड्या काढूनच शिवायची."

वकीलबाईने रकान्यात 'एकतीस वर्षं' लिहिलं. "साक्षीदार लागेल, काकू. पहिल्या दिवसाचा कुणी आहे?"

"मी आहे."

"तुम्ही स्वतःच्याच साक्षीदार कशा व्हाल? दुसरं कुणी?"

सुनेने माझ्या हातातून पेन घेतलं. "शेवटच्या चौदा वर्षांची मी देते," ती म्हणाली, आणि कुठे सही करायची ते वाचायलाही थांबली नाही.

"नीट वाचून कर," मी म्हणाले. "आंधळ्यासारखी कुठेही करू नकोस."

"लिहा मॅडम," ती वकीलबाईला म्हणाली, "वापर अजून चालू आहे."